उंदीर, मीठ आणि दारू

मागच्या महिन्यात मामाच्या वर्षश्राद्धाला कराडला गेलो होतो. जेवणं आटोपली, ओसरीवर पानसुपारी चालू होती, आणि एक लांबचे काका म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता हो, पण मनाचा कच्चा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मामाने तीन वेळा माळ घातली आणि तीन वेळा काढली. शेवटी लिव्हरने दगा दिला. मी स्वतः त्याला फोनवर दोनदा तरी म्हणालो असेन, "मामा, मनावर घे ना जरा." तो "घेतो रे" म्हणायचा.

परतीच्या एसटीत झोप येईना. मोबाईलवर काहीतरी चाळताना "अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढलेल्या उंदरांचं मद्यपान" असल्या विषयावरचा एक शोधनिबंध हाती लागला. आता मी पडलो कॉम्प्युटरवाला. बारावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला, त्यामुळे बेडकाला हातसुद्धा न लावलेला प्राणी. पण त्या निबंधाला आणखी चार निबंधांचे संदर्भ होते, त्या चारांना वीस... असे गेले तीन वीकेंड गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. डॉक्टर मंडळींनी चुका काढाव्यात.

आधी प्रयोग कसा असतो ते सांगतो, कारण तो गमतीशीर आहे. पिंजऱ्यात उंदीर. पिंजऱ्याला दोन बाटल्या. एकीत पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल, बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आसपास. रोज दोन्ही बाटल्यांचं वजन करायचं आणि कुठली किती कमी झाली ते वहीत लिहायचं. बाटल्यांच्या जागाही अधूनमधून बदलायच्या, कारण काही उंदीर नुसतेच डावरे किंवा उजवे निघतात. बस्स, एवढंच. उंदराला ना पगार, ना मित्र, ना "आज पार्टी आहे, नाही म्हणू नकोस" म्हणणारा कोणी. तरीही काही उंदीर पितात आणि काही अजिबात पीत नाहीत. मग का पितात, हा प्रश्न.

ह्या दोन बाटल्यांचा वापर ज्याने हातखंडा केला तो मूळचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता (आपलाच माणूस!). कर्ट रिश्टर. जन्म १८९४, अमेरिकेतलं डेन्व्हर, आईवडील जर्मन. पोराने इंजिनिअर व्हावं म्हणून त्याला जर्मनीत ड्रेस्डेनला पाठवलं. पहिलं महायुद्ध पेटलं तसा तो परत आला, हार्वर्डमध्ये शिकला आणि नंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पोचला. तिथेच त्याने उरलेलं आयुष्य काढलं. इंजिनिअरिंग सुटलं पण मोजण्याचं वेड सुटलं नाही. उंदीर किती धावतो, किती खातो, किती वेळा पाणी पितो, सगळं मोजायचा. १९२६ साली, म्हणजे अमेरिकेत दारूबंदी चालू असताना, त्याने उंदरांची वाढ आणि वागणूक ह्यांवर माफक दारूचा काय परिणाम होतो ह्याचा अभ्यास छापला. पुढे त्याच्या लक्षात आलं की अल्कोहोल पिणारा उंदीर त्या मानाने खाणं कमी करतो, जणू त्याला त्यातल्या कॅलरी कळतात. ते द्रावण फार कडक केलं की तो पाण्याकडे वळतो. थोडक्यात, पिंजऱ्यातला उंदीर बराच हिशेबी निघाला.

पण रिश्टरचा खरा गाजलेला प्रयोग दारूचा नाही, मिठाचा आहे. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपी घातल्यासारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रिनल. त्या काढल्या तर प्राणी मरतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. मरण्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं. रिश्टरने अशा उंदरांना दोन बाटल्या दिल्या, एक साध्या पाण्याची आणि एक मिठाच्या पाण्याची. उंदरांनी मिठाच्या पाण्यावर झडप घातली, भरपूर प्यायले, आणि जगले. निबंध १९३६ चा. कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. ग्रंथी गेली, तिचा हार्मोन गेला आणि जिभेची आवड बदलली.

मराठीत हार्मोनला संप्रेरक म्हणतात, आणि मला तो शब्द आता फार आवडायला लागलाय. प्रेरणा देणारं ते संप्रेरक. उंदराला मीठ "हवंसं" वाटलं, पण ते वाटणं आलं कुठून? मूत्रपिंडावरच्या टोपीतून.

ह्याच्याच जोडीला एक गोष्ट आहे, ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. रिश्टर आणि लॉसन विल्किन्स ह्या बालरोगतज्ज्ञाने १९४० मध्ये साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. हे पोरगं अगदी लहानपणापासून मिठासाठी वेडं होतं. बिस्किटांवरचं मीठ चाटायचं आणि बिस्किट टाकून द्यायचं, नुसतं मीठ मागायचं. जे पहिले थोडे शब्द ते बोलायला शिकलं त्यात "मीठ" होता. वेगळ्याच तक्रारीसाठी त्याला हॉस्पिटलात दाखल केलं. तिथे सगळ्या मुलांना मिळायचं तेच जेवण त्याला मिळालं. सातव्या दिवशी ते मूल गेलं. शवविच्छेदनात दिसलं की त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडलेल्या होत्या. जो हट्ट वाटत होता, त्यावर ते मूल जगत होतं.

आता मिठाकडून दारूकडे. मिठाच्या प्रयोगानंतर लोकांच्या डोक्यात जे आलं ते साहजिक होतं. उंदराला काहीतरी कमी पडलं म्हणून त्याला मिठाची ओढ लागली. मग दारुड्यालाही काहीतरी कमी पडत असणार! काय कमी पडतं ते शोधा, ते भरून द्या, ओढ जाईल. चिलीमध्ये सँटियागोला होर्हे मार्दोनेस ह्याने १९४२ मध्ये दाखवलं की यीस्टमधला एक घटक आहारातून काढला तर उंदीर अल्कोहोल जास्त पितात. म्हणजे जीवनसत्त्वाची कमतरता. रिश्टरने १९५७ मध्ये लिहिलं की थायरॉइड खाऊ घातलेल्या उंदरांचं पिणं कमी होतं. आणि अमेरिकेतले काही डॉक्टर तर थेट माणसांवरच उतरले. तो काळ कॉर्टिझोनच्या जल्लोषाचा होता. अ‍ॅड्रिनलच्या ह्या हार्मोनने संधिवाताचे अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून चालायला लागले होते आणि १९५० चं नोबेलही त्यालाच मिळालं. तेव्हा १९४९-५० च्या सुमारास ह्या डॉक्टरांनी मांडलं की मद्यपीची अ‍ॅड्रिनल थकलेली असते, तिचा अर्क टोचा.

तर्क इतका सरळ आहे की मीही हेच केलं असतं. आमच्या धंद्यातही असंच होतं. सर्व्हर पडला, मागच्या वेळी मेमरी कमी पडली होती, म्हणून ह्याही वेळी मेमरी वाढवा. कधीकधी चालतंही. बग मात्र दुसरीकडेच असतो.

पुढची काही दशकं लोक वेगळ्या वाटेने गेले. पिणारे उंदीर पिणाऱ्यांशी आणि न पिणारे न पिणाऱ्यांशी जुळवायचे, पिढ्यानपिढ्या. मार्दोनेसच्या चिलीतल्या प्रयोगशाळेने असे दोन वंश तयार केले. त्यांच्या नावातलं शेवटचं अक्षर ए म्हणजे अबस्तेमिया, निर्व्यसनी, आणि बी म्हणजे बेबेदोरा, पिणारी. फिनलंडमध्ये काल्लेर्वो एरिक्सनने १९६० च्या दशकात हेच केलं, आणि ते कुठे? आल्कोच्या प्रयोगशाळेत. आल्को म्हणजे तिथली दारू विकणारी सरकारी कंपनी! विकायची पण आपणच आणि का पितात ते पण आपणच शोधायचं. (आपल्याकडे पहिला अर्धा भाग बराच जमलाय.) ह्या सगळ्यांतून एक गोष्ट पक्की झाली, पिण्याची आवड काही अंशी रक्तातून येते. पण रक्तातून येते म्हणजे नेमकं काय येतं?

अ‍ॅड्रिनलकडे परत यायला १९९० चं दशक उजाडलं. स्वीडनमधलं योटेबोर्ग. क्लॉडिया फाल्के आणि तिच्या सहकाऱ्यांनी रिश्टरचीच शस्त्रक्रिया केली, उंदरांच्या अ‍ॅड्रिनल काढल्या. मात्र दुसऱ्या बाटलीत मीठ नाही, दारू. (अशा उंदरांना जगवायला मिठाचं पाणी लागतंच, ते रिश्टरचं देणं.) जुन्या डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार ग्रंथी गेल्यावर ओढ वाढायला हवी होती. झालं उलटं. उंदरांचं पिणं कमी झालं. मग त्यांना कॉर्टिकोस्टेरॉन हा अ‍ॅड्रिनलचा हार्मोन बाहेरून दिला, तर पिणं परत वाढलं. शस्त्रक्रिया न करता नुसतं तो हार्मोन तयार होणं रोखणारं औषध दिलं, तरी पिणं घटलं. कोडमधली एक ओळ कॉमेंट करा, बग गेला. ओळ परत आणा, बग परत आला. एवढा स्वच्छ पुरावा आमच्या ऑफिसात कोणी आणला तर मी त्याला कटिंग पाजीन.

म्हणजे बघा, तीच ग्रंथी, तीच शस्त्रक्रिया, तशाच दोन बाटल्या. मिठाची ओढ वाढते, दारूची कमी होते. कारण ती ग्रंथी एकच हार्मोन बनवत नाही. मीठ धरून ठेवणारा अल्डोस्टेरॉन वेगळा, तो सापडला १९५३ मध्ये. आणि ताण आला की सुटणारा वेगळा. उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन, माणसात कॉर्टिसॉल. ताण आला की मेंदूतून सीआरएफ नावाचा निरोप पिच्युटरीला जातो, पिच्युटरीतून अ‍ॅड्रिनलला, आणि अ‍ॅड्रिनल हा हार्मोन रक्तात सोडते. सीआरएफ शोधायला वायली व्हेल आणि त्याच्या गटाला लाखो मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे गाळावे लागले, तेव्हा कुठे १९८१ मध्ये तो हाती आला.

ह्यातली मेख अशी की अल्कोहोल स्वतःच हा हार्मोन वाढवतं. पिण्याने हार्मोन वाढतो, हार्मोनने पिण्याची ओढ वाढते. इंजिनिअर मंडळींना "पॉझिटिव्ह फीडबॅक" म्हटलं की माईकसमोर स्पीकर धरल्यावर येणारी ती किंचाळी आठवेल. तेच. एरवी हा हार्मोन मेंदूला "पुरे आता" असंही सांगतो, म्हणून बहुतेकांच्या बाबतीत चक्र थांबतं. पण आठवडेच्या आठवडे अल्कोहोलच्या वाफेत ठेवून ज्या उंदरांना खरोखरचं व्यसन लावलं, त्यांच्यात हा ब्रेक नीट लागत नाही. दारू बंद केली की मेंदूतला ताणाचा निरोप थांबतच नाही आणि तो उंदीर मजेसाठी नव्हे तर सुटकेसाठी प्यायला लागतो.

सुटकेच्या ह्या प्रश्नावर आपल्याकडेही काम झालंय. नागपूर-कामठीच्या औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी २००५ मध्ये छापलं, की दारूने उंदराची भीती कमी होते त्यामागे मेंदूत तयार होणाऱ्या एका स्टेरॉइडचा हात आहे. कामठीचं नाव त्या यादीत बघून उगाचच बरं वाटलं.

माकडांवरचा एक प्रयोग १९९१ चा. रिसस माकडांची काही पिल्लं आईजवळ वाढवली आणि काही आईविना, नुसती बरोबरीच्या पिल्लांत. मोठी झाल्यावर आईविना वाढलेली जास्त प्यायची, आणि त्यांच्या रक्तात ताणाचा हार्मोनही जास्त होता. मग आईजवळ वाढलेल्यांना सोबत्यांपासून तोडून एकटं ठेवलं, तर तीही जवळजवळ तेवढीच प्यायला लागली. हे वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप बंद केला. माझी आजी मामा चार वर्षांचा असताना गेली.

असो. इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की झालं, सीआरएफ अडवणारं औषध शोधलं की संपलं. कंपन्यांनाही तेच वाटलं. व्यसनी उंदरांवर अशी औषधं फार छान चालली. पण माणसांवर दोन औषधांच्या चाचण्या झाल्या, निकाल २०१५ आणि २०१६ मध्ये आले, आणि दोन्ही वेळा दारूची ओढ काही कमी झाली नाही. इतक्या मेंढ्या, इतके उंदीर, इतकी वर्षं, आणि हाती भोपळा. ह्याची बातमी कधी पहिल्या पानावर येत नाही. "उंदरांची दारू सुटली" ची येते.

सगळंच फसलं असंही नाही. कॉर्टिसॉल मेंदूतल्या ज्या कुलपात किल्लीसारखा बसतो ते कुलूपच अडवणारं मिफेप्रिस्टोन नावाचं औषध आहे, मुळात गर्भपातासाठीचं. २०१२ मध्ये व्यसनी उंदरांवर आणि २०१५ मध्ये ५६ माणसांवर आठवडाभर वापरून पाहिलं, दोन्हीकडे पिणं कमी झालं. दुसरं औषध तर आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळतं, स्पायरोनोलॅक्टोन. रक्तदाब आणि अंगावरच्या सुजेसाठी देतात. हे अडवतं अल्डोस्टेरॉनला, म्हणजे मिठाच्या हार्मोनला! २०२२ मध्ये दिसलं की ह्याने उंदीर कमी पितात, आणि अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांच्या नोंदी चाळल्या तर हे औषध घेणाऱ्यांचंही पिणं तुलनेने कमी झालेलं. म्हणजे रिश्टरची मिठाची बाटली आणि दारूची बाटली पुन्हा एकाच पिंजऱ्याला येऊन लटकल्या. (कोणीही दुकानात जाऊन हे घेऊ नका. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. डॉक्टर कशाला आहेत?)

हल्ली ज्याची जास्त चर्चा आहे ते सेमाग्लुटाइड, म्हणजे आतड्यातल्या हार्मोनची नक्कल, मधुमेहाचं आणि वजनाचं इंजेक्शन. उंदीर त्याने कमी पितात. माणसांवर २०२५ मध्ये आलेली चाचणी ४८ जणांची, नऊ आठवड्यांची. ओढ घटली, एका बैठकीतली दारू घटली, पण पिण्याचे दिवस घटले नाहीत. सीआरएफची गोष्ट वाचल्यापासून मी अशा बातम्यांना लगेच टाळ्या वाजवत नाही.

एक गोष्ट मात्र राग येण्यासारखी आहे. माद्या नरांपेक्षा वजनाच्या मानाने जास्त पितात, हे उंदरांच्या बाबतीत खूप जुनं निरीक्षण आहे. तरी वर्षानुवर्षं बहुतेक प्रयोग नरांवरच. कारण काय, तर माद्यांचे हार्मोन चार-पाच दिवसांच्या चक्रात वरखाली होतात, त्याने आकडे "बिघडतात". अरे पण तुम्ही शोधताय काय? हार्मोनच ना! अमेरिकेतल्या सरकारी निधीला दोन्ही लिंगांचा विचार करण्याची अट लागली ती २०१६ मध्ये. आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने दाखवलं की माऊस जातीच्या उंदरांच्या माद्या, इस्ट्रोजेन चढं असतं त्या दिवशी जास्त पितात, तेही बाटली मिळाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात. एरवी इस्ट्रोजेनचं काम जनुकांमार्फत, तासन्‌तास चालणारं. इथे मात्र ते पेशीच्या पृष्ठभागावरूनच मिनिटांत काम करतं. ही गोष्ट नरांच्या पिंजऱ्यात शंभर वर्षं बसून सापडली नसती.

आता मामा. हे सगळं वाचून मी असं म्हणणार नाही की मामाचा काही दोष नव्हता, सगळं अ‍ॅड्रिनलने केलं. उंदराच्या पिंजऱ्यात बायको नसते. पगाराच्या दिवशी दारात उभी राहणारी मामी त्या वहीतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि मामीला हा लेख वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. पण "मनावर घे" हे वाक्य मी आता कोणाला म्हणेन असं वाटत नाही. ते मन ज्याच्या हातात आहे असं मी समजत होतो, त्याच्या हातात ते किती टक्के होतं हे मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं.

काल रात्री आईला फोनवर हे सगळं सांगत होतो. उंदीर, चिली, फिनलंड, माकडं. ती "हं, हं" करत ऐकत होती, बहुधा भाजी निवडत असावी. शेवटी त्या मिठाच्या पोराची गोष्ट सांगितली. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग दिलं का नाही त्याला मीठ?"

"घरी देतच होते," मी म्हटलं. "दवाखान्यात बंद झालं."